दुसऱ्याच्या मांडवाखाली

२० मे १९९० रोजी रुमानियात अर्धशतकानंतरची पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली. तिच्या निकालाच्या तक्त्यात बहुतेकांची नजर पहिल्याच ओळीवर थांबते. इयॉन इलिएस्कू यांच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीला ६६ टक्के मते आणि कनिष्ठ सभागृहातल्या २६३ जागा मिळाल्या. पण खाली उतरत गेले की दोन नावे लागोपाठ लक्ष वेधतात. इकॉलॉजिस्ट चळवळीला २.६ टक्के मते आणि १२ जागा होत्या, तर रुमानियन इकॉलॉजिस्ट पक्षाला १.७ टक्के मते आणि ८ जागा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात देशावर राज्य केलेल्या शेतकरी पक्षाला त्या वर्षी फक्त १२ जागा मिळाल्या. म्हणजे झाडे, नद्या आणि हवेच्या नावाने निवडून आलेले वीस प्रतिनिधी या ऐतिहासिक पक्षाच्या प्रतिनिधींपेक्षा जास्त होते. या दोन संघटनांपैकी लहान असलेला इकॉलॉजिस्ट पक्ष पुढे उजव्या बाजूला सरकला. आजही राजकीय कोशांत त्याची नोंद ‘हरित परंपरावादी’ अशी होते. पुढे तो एक टक्क्याच्या आसपास अडकला, आणि त्याचे कारण विचारले की तयार उत्तर मिळते: पर्यावरणवाद आणि परंपरावाद यांचा मेळ बसत नाही, म्हणून मतदाराला हा पक्ष कळलाच नाही. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. रुमानियात हा मेळ जितका स्वाभाविक होता तितका युरोपात फार थोड्या ठिकाणी असेल. पक्ष लहान राहिला तो विचारामुळे नव्हे. ज्या दशकात स्वतःचे घर बांधायचे, ते त्याने दुसऱ्याच्या मांडवाखाली काढले, आणि त्या मांडवात निसर्गाचा प्रश्न आला तेव्हा त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिले नाही.

पर्यावरणवाद म्हणजे डावा विचार, ही समजूत मुख्यतः १९८० नंतरच्या पश्चिम जर्मनीने घडवली. पण तिथेही सुरुवात तशी नव्हती. १९७५ मध्ये पृथ्वीच्या लुटीवर गाजलेले पुस्तक लिहिणारे हेर्बर्ट ग्रूल हे ख्रिश्चन डेमोक्रॅट खासदार होते. १९७८ मध्ये ते त्या पक्षातून बाहेर पडले, नव्या हरित पक्षाच्या जुळवाजुळवीत सामील झाले, तिथे डाव्यांचा जोर वाढल्यावर निघाले आणि १९८२ मध्ये त्यांनी वेगळा पक्ष काढला. पूर्वजांकडून मिळालेली जमीन वंशजांच्या हाती नीट सोपवायची, ही त्यांची भूमिका कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला पटण्यासारखी होती. रुमानियात तर या भूमिकेची पाळेमुळे राजकीय पक्षांपेक्षा जुनी आहेत. देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान रेतेझात पर्वतात १९३५ मध्ये झाले. त्यासाठी आणि निसर्गाच्या ठेव्यांना संरक्षण देणाऱ्या १९३० च्या कायद्यासाठी झटणारे अलेक्झांद्रु बोर्झा हे क्लुजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रीक-कॅथलिक धर्मगुरूही होते. डॅन्यूबच्या पूरमैदानांना बांध घालून शेतजमीन काढावी असे थोर अभियंते अँगेल सालिन्य म्हणत होते, तेव्हा ग्रिगोरे अंतिपा या प्राणिशास्त्रज्ञाने त्याला विरोध केला. नदी पसरते म्हणून मासे आहेत आणि मासे आहेत म्हणून काठावरची माणसे आहेत, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. व्रान्चा भागातल्या डोंगरी गावांत जंगल ‘ओब्श्ते’ नावाच्या ग्रामसमूहाच्या सामाईक मालकीचे असे. कोणी किती तोडायचे, कुठे चरायचे, हे गाव ठरवी. समाजशास्त्रज्ञ हेन्री स्टाल यांनी दोन युद्धांच्या मधल्या काळात ही व्यवस्था अभ्यासली तेव्हा ती मोडकळीला आलेली होती, पण जिवंत होती. तात्पर्य, रुमानियात निसर्गरक्षणाची भाषा बोलणारे पहिले लोक धर्मगुरू, प्राध्यापक आणि गावकरी होते, आणि काही नवे आणण्यापेक्षा असलेले टिकवणे हे त्यांचे उद्दिष्ट होते.

कम्युनिस्ट राजवटीने हे नाते आणखी घट्ट केले, अर्थात अजाणता. १९४८ मध्ये जंगले सरकारजमा झाली आणि त्याच वर्षी बोर्झांच्या ग्रीक-कॅथलिक चर्चवर बंदी आली. पुढच्या चार दशकांत निसर्गाची नासाडी करणारा नफेखोर भांडवलदार रुमानियन माणसाने पाहिलाच नाही. त्याने पाहिली ती योजना आखणारी सरकारी कचेरी. ट्रान्सिल्वेनियातल्या कोप्शा मिका गावात काजळीचा कारखाना आणि जस्त-शिसे गाळण्याची भट्टी शेजारी शेजारी होत्या. तिथे घरे, बर्फ आणि मेंढ्यांची लोकरसुद्धा काळी पडे, आणि १९९० मध्ये तिथली छायाचित्रे जगभर पोहोचली तेव्हा युरोपातल्या सर्वांत दूषित गावांमध्ये त्याची गणना होऊ लागली. जुर्जूच्या रासायनिक कारखान्यातून सुटणारा क्लोरिन डॅन्यूब ओलांडून बल्गेरियातल्या रुसे शहरावर उतरे. तिथल्या आया १९८७ पासून रस्त्यावर आल्या. बल्गेरियातल्या विरोधी चळवळीची एक सुरुवात त्या धुरातून झाली. अंतिपांनी वाचवू पाहिलेली पूरमैदाने लाखो हेक्टरांनी बांधाआड गेली आणि १९८३ च्या योजनेने त्रिभुज प्रदेशालाही नांगराखाली आणायला घेतले. सगळ्यांत बोलका प्रकार म्हणजे गावांची ‘सुव्यवस्था’. १९७४ च्या कायद्याला १९८८ मध्ये वेग देऊन हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कूने सुमारे तेरा हजार गावांपैकी निम्म्याहून अधिक पुसून टाकायचे जाहीर केले. बेल्जियममध्ये त्याविरुद्ध मोहीम उभी राहिली आणि पश्चिम युरोपातल्या नगरपालिकांनी एकेक रुमानियन गाव दत्तक घेतले. गाव वाचवणे, त्यातले चर्च वाचवणे, भोवतालची कुरणे वाचवणे, या तीन वेगळ्या मागण्या राहिल्याच नव्हत्या. एका कागदावर सही झाली की तिन्ही जाणार होत्या. अशा देशात १९९० मध्ये कोणी पर्यावरणवादी आणि परंपरावादी दोन्ही असेल तर त्यात विसंगती शोधायला बाहेरून आलेला अभ्यासकच लागतो.

पक्ष काढणे तेव्हा सोपे होते. चाउशेस्कूला गोळ्या घातल्यानंतर सहाच दिवसांनी, ३१ डिसेंबर १९८९ च्या वटहुकमाने २५१ सदस्य जमवले की नोंदणी मिळू लागली, आणि मे महिन्यापर्यंत सत्तरच्या आसपास पक्ष मैदानात उतरले. हरित मंडळी सुरुवातीपासून दोन तंबूंत विभागली गेली. चळवळीच्या तंबूत कवी-पत्रकार तोमा जॉर्ज मायोरेस्कू आणि भूगर्भशास्त्रज्ञ मार्चियान ब्ल्याहू अशी नावाजलेली माणसे होती. पक्षाच्या तंबूत ऑटो वेबर यांच्या नेतृत्वाखाली तुलनेने अनोळखी लोक होते. कार्यक्रमात म्हणावा असा फरक नव्हता. फरक पडला तो जूनमध्ये. इलिएस्कूंच्या हाकेवर १३ ते १५ जून १९९० या दिवसांत खाणकामगार राजधानीत शिरले, त्यांनी निदर्शकांना झोडपले आणि विरोधी पक्षांच्या कचेऱ्या फोडल्या. त्यानंतर प्रत्येक छोट्या पक्षाला सत्तेशी जमवून घ्यायचे की तिच्या विरोधात उभे राहायचे हे ठरवावे लागले. इकॉलॉजिस्ट पक्षाने दुसरी वाट धरली. डिसेंबर १९९० मध्ये शेतकरी पक्ष, उदारमतवादी, सामाजिक लोकशाहीवादी आणि हंगेरियन अल्पसंख्याकांची संघटना यांच्याबरोबर तो लोकशाही प्रस्थापनेच्या एका करारात सामील झाला, आणि त्यातूनच वर्षभराने डेमोक्रॅटिक कन्व्हेन्शन ही आघाडी जन्मली. आघाडीचे सुकाणू होते कम्युनिस्ट तुरुंगात सतरा वर्षे काढलेल्या कोर्नेलिऊ कोपोसू यांच्या हाती. जमिनी मूळ मालकांना परत द्या, चर्चला मान द्या, जुन्या नोकरशाहीला हटवा, असा तिचा सूर होता. पक्षाचा परंपरावाद इथे पक्का झाला. तो कोणत्या जाहीरनाम्यातून उगवला नाही, संगतीतून आला. पण त्यामुळे खोटा ठरत नाही. ज्या देशात ‘डावा’ म्हणजे कालचा सत्ताधारी, तिथे विरोधकाला उजवीकडेच उभे राहायला जागा होती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि त्यात तथ्य आहे. १९९० ची मते पर्यावरणाची मते होती कशावरून? मतपत्रिका चोपडीएवढी जाड, पक्षांची नावे अनोळखी, आणि ‘इकॉलॉजिस्ट’ हा शब्द निरुपद्रवी. ज्यांना राष्ट्रीय मुक्ती आघाडीला मत द्यायचे नव्हते पण जुन्या पक्षांचीही धास्ती होती, त्यांनी सोयीचा शिक्का मारला असणार. हे मान्य केले तरी दोन गोष्टी उरतात. पूर्व युरोपात त्या दोन-तीन वर्षांत हीच लाट सगळीकडे होती: हंगेरीत डॅन्यूबवरच्या धरणाविरुद्ध, बल्गेरियात रुसेच्या हवेसाठी, बाल्टिक देशांत सोव्हिएत कारखान्यांविरुद्ध. राजकारण बंद असताना नदीबद्दल बोलणे हा एकमेव परवडणारा विरोध होता, म्हणून लोक नदीबद्दल बोलले. पण बोलले ते नदीबद्दलच, आणि ती खरोखर घाण झालेली होती. दुसरे म्हणजे, सोयीच्या मतातूनही पक्ष उभे राहतात. प्रश्न असतो तो मिळालेल्या भांडवलाचे पुढे काय केले याचा. चळवळीने ते सत्तेशी जुळवून घेण्यात घालवले. ऑक्टोबर १९९१ मध्ये तेओदोर स्तोलोझान यांच्या सरकारात ब्ल्याहू पर्यावरणमंत्री झाले, आणि वर्षभराने, १९९२ च्या निवडणुकीत तीन टक्क्यांची नवी अट आली तेव्हा चळवळ सव्वादोन टक्क्यांवर थांबून संसदेबाहेर गेली. पक्ष मात्र डेमोक्रॅटिक कन्व्हेन्शनच्या यादीत बसून चार जागा घेऊन आत गेला. त्या क्षणी पाहणाऱ्याला पक्षाची चाल शहाणपणाची वाटली असती.

तिची किंमत कळली १९९६ नंतर. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आघाडी जिंकली, एमिल कॉन्स्टंटिनेस्कू राष्ट्राध्यक्ष झाले (हे गृहस्थ स्वतः भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, हा योगायोग पुढच्या घटनांमुळे जरा टोचतो), आणि इकॉलॉजिस्ट पक्षाचे दोन्ही सभागृहांत मिळून अर्धा डझन लोक सत्ताधारी बाकांवर बसले. हरित पक्ष सत्तेत आला तर कोणते खाते मागेल हे शाळकरी पोरही सांगेल. ‘पाणी, वने आणि पर्यावरण संरक्षण’ हे खाते आधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या इयोन ओल्त्यान यांच्याकडे आणि १९९८ पासून शेतकरी पक्षाच्या रोमिका तोमेस्कू यांच्याकडे गेले. पर्यावरणवाद्यांकडे ते चार वर्षांत एकदाही आले नाही. याच चार वर्षांत दोन निर्णय झाले. बाया मारे शहरात जुन्या खाणींच्या चोथ्यातून सायनाइडने सोने काढणारा, ऑस्ट्रेलियन कंपनी आणि रुमानियन सरकारी कंपनी यांच्या भागीदारीतला ‘आउरूल’ कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. आणि त्याच वर्षी पश्चिमेच्या डोंगरांतल्या रोशिया मोन्तानाचा खाणपरवाना मंजूर झाला, जो लवकरच एका कॅनेडियन कंपनीच्या उपक्रमाकडे गेला. ३० जानेवारी २००० च्या रात्री, वितळलेले बर्फ आणि पाऊस यांनी आउरूलचा साठवण तलाव भरला आणि बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी सोमेश नदीतून तिसाला आणि तिथून डॅन्यूबला मिळाले. एकट्या हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले. चेर्नोबिलनंतरचे युरोपातले सर्वांत मोठे पर्यावरणीय संकट म्हणून त्याचे नाव घेतले गेले. ते घडले तेव्हा रुमानियाचा पर्यावरणवादी पक्ष विरोधी बाकांवर असता तर त्याचे भाषण पाठ करण्यासारखे झाले असते. तो सत्तेत होता, आणि खाते दुसऱ्याचे होते. श्रेय घ्यायला काही नव्हते आणि जबाबदारी झटकायला तोंड नव्हते.

यावर त्या पक्षाच्या बाजूने बोलणारा म्हणेल की सहा जणांचा गट दुसरे काय करणार होता? आघाडी सोडली असती तर १९९२ च्या चळवळीसारखी गत झाली असती. हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि १९९२ पुरता मी तो मान्य करतो. तेव्हा पर्याय खरोखर नव्हता. पण लहान पक्षाने मोठ्याबरोबर जाणे आणि मोठ्यात विरून जाणे यांत अंतर आहे. लाटव्हियाकडे पाहिले की ते दिसते. तिथला हरित पक्षही छोटा, तोही परंपरावादी वळणाचा, त्यानेही शेतकरी संघाशी दीर्घकाळची युती केली. पण त्याने आपले खाते सोडले नाही. इंदुलिस एम्सिस १९९३ पासून पाच वर्षे पर्यावरणाचे राज्यमंत्री होते. रायमोंड्स वेयोनिस २००२ नंतर जवळजवळ सलग पर्यावरणमंत्री राहिले. २००४ मध्ये एम्सिस पंतप्रधान झाले, जगातले पहिले हरित पंतप्रधान, आणि २०१५ मध्ये वेयोनिस राष्ट्राध्यक्ष. लाटव्हियन हरितांच्या कारभारावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु परंपरावादी हरित पक्ष पूर्व युरोपात चालत नाही, किंवा युतीत गेला की मरतो, ही दोन्ही विधाने त्या एका उदाहरणाने निकालात निघतात. रुमानियन पक्षाने मांडव स्वीकारताना त्यात आपला खांब कोणता हे ठरवून घेतले नाही.

आणखी एक अडचण होती, जी पक्षाच्या विचाराच्याच पोटात होती, आणि तिच्याबद्दल त्याच्या टीकाकारांनीही फारसे लिहिलेले नाही. परंपरावाद्यांची मुख्य मागणी होती की जप्त जमिनी आणि जंगले परत करा. १९९१ च्या कायद्याने माणशी एक हेक्टरपर्यंत जंगल परत मिळाले, २००० च्या पहिल्याच कायद्याने दहा हेक्टरपर्यंत, २००५ मध्ये जवळजवळ सगळे. मालक परत आला की तो आपल्या झाडांची काळजी घेईल, असा सिद्धांत होता. प्रत्यक्षात पन्नास वर्षांनी वारसाच्या हाती आलेला एक हेक्टर म्हणजे हलाखीच्या दिवसांत विकता येईल असे लाकूड. कुऱ्हाड चालली, आणि सरकार पुन्हा धोरण बदलेल या भीतीने घाईने चालली. इथे हरित आणि परंपरावादी हे दोन शब्द खरोखर एकमेकांवर आदळले. पण त्याच २००० च्या कायद्याने ओब्श्ते आणि ट्रान्सिल्वेनियातल्या त्यांच्यासारख्या सामाईक मालकीच्या संस्थाही पुन्हा उभ्या राहू दिल्या. व्रान्चाच्या गावांना डोंगर परत मिळाले ते कुटुंबागणिक तुकड्यांत न मिळता गावाचे म्हणून. म्हणजे परंपरेतूनच उत्तर निघत होते: खासगी मालकीचा आग्रह ही शहरी वकिलाची परंपरा, सामाईक जंगल ही गावाची. हरित परंपरावादी पक्षाने हाच मुद्दा हातात घ्यायला हवा होता. सामाईक मालकी म्हटले की सामूहिक शेती आठवणारे मित्रपक्ष आणि खासगी मालकी म्हटले की करवत आठवणारे पर्यावरणवादी, यांच्या मधली ही वाट रुमानियात दुसऱ्या कोणाला सापडणे शक्य नव्हते. पक्षाने ती धरली असती तर तो किती वाढला असता हे सांगता येत नाही. पण तो कशासाठी आहे हे मतदाराला एका वाक्यात सांगता आले असते.

२००० मध्ये अट पाच टक्क्यांवर गेली, आघाड्यांसाठी त्याहून वर. शेतकरी पक्षाची उरलीसुरली आघाडी उंबरठ्यावर पडली आणि पर्यावरणवादीही संसदेबाहेर गेले. त्यानंतरचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १९९६ च्या कायद्याने नोंदणीसाठी दहा हजार सदस्य लागत, २००३ च्या कायद्याने पंचवीस हजार. ही अट घटना न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द करेपर्यंत नवा पक्ष काढणे फार अवघड होते, त्यामुळे आधीपासून नोंदलेल्या नावाला स्वतःची किंमत आली. पर्यावरणाचे धोरण दरम्यान ब्रुसेल्सहून येऊ लागले. निरोगी पर्यावरणाचा हक्क राज्यघटनेत आला तो २००३ च्या दुरुस्तीने, संसदेत एकही हरित पक्ष नसताना, युरोपीय संघात शिरण्याच्या तयारीचा भाग म्हणून. ज्या कामासाठी पक्ष हवा होता ते काम परदेशी अधिकारी करू लागल्यावर पक्षाकडे नावाची पाटी उरली. २०१४ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत तिच्यावर उभे राहिले विल्यम ब्रिन्झा, मूळचे डेमोक्रॅटिक लिबरल पक्षाचे खासदार. मते मिळाली अर्ध्या टक्क्याहून कमी. २०१६ आणि २०२० च्या संसदीय निवडणुकांत पक्ष एक टक्क्याच्या आगेमागे राहिला. यावरून काहींनी असा निष्कर्ष काढला की हा कधी खरा पक्षच नव्हता, भाड्याने मिळणारी पाटी होती. उत्तरार्धाबद्दल ते कठोर पण फार चुकीचे नाही. पूर्वार्धाबद्दल मात्र ते अन्यायाचे आहे. १९९० च्या खाणकामगारांच्या धुमाकुळानंतर विरोधकांबरोबर उभे राहण्यात भाड्याचा काही हिशेब नव्हता.

गरीब देशाला पर्यावरण परवडत नाही, लोक आधी रोजगार पाहतात, हा नेहमीचा आक्षेप उरतो. २०१३ चे वर्ष त्याला पुरेसे आहे. ऑगस्टच्या अखेरीस व्हिक्टर पोंता यांच्या सरकारने रोशिया मोन्तानाच्या खाणीसाठी खास विधेयक आणले: सुमारे ३०० टन सोने, त्यासाठी चार डोंगर उघडे पाडायचे आणि सायनाइडचा तलाव बांधायचा. १ सप्टेंबरपासून बुखारेस्ट, क्लुज आणि इतर शहरांत हजारो लोक आठवड्यामागून आठवडे रस्त्यावर आले. त्यांच्या मागण्यांत नदी होती, तशी रोमन काळातल्या खाणीची भुयारे आणि गावातली चर्च-स्मशानेही. त्या गावातला विरोध २००० पासून चालत आला होता आणि त्यात घरे न विकणारे शेतकरी आणि निरनिराळ्या पंथांचे पाद्री एकत्र होते. गावातल्या बेकार खाणकामगारांना खाण हवी होती हे खरे, आणि निदर्शक शहरी होते हेही खरे. पण त्याच शरदात वास्लुई जिल्ह्यातल्या पुन्जेश्त गावात शेव्हरॉन कंपनीच्या शेल वायूच्या विहिरीपुढे म्हातारे शेतकरी आणि ऑर्थोडॉक्स पाद्री आडवे झाले, पोलिसांचा वेढा सोसला, आणि कंपनी अखेर देश सोडून गेली. वास्लुई हा युरोपीय संघातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांपैकी एक. खाणीचे विधेयक संसदेने फेटाळले, २०२१ मध्ये रोशिया मोन्ताना युनेस्कोच्या वारसायादीत गेले. या सगळ्यात इकॉलॉजिस्ट पक्ष मंचाच्या मध्यभागी कुठेच नव्हता. संसदेत हरित म्हणता येतील असे रेमुस चेर्न्या होते; धर्मसंस्थेचे कडवे टीकाकार, समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीसाठी झगडणारे, म्हणजे विचाराने दुसऱ्या टोकाचे. पण ते निवडून आले होते पोंतांच्याच आघाडीच्या यादीतून आणि त्याच आघाडीच्या विधेयकाविरुद्ध त्यांना बोलावे लागत होते. उजवे हरित आणि डावे हरित, दोघांचीही कुचंबणा एकाच जातीची. त्यामुळेच अडचण विचारात होती या म्हणण्यावर माझा विश्वास बसत नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. माती, श्रद्धा आणि वंश यांची सांगड रुमानियात एकदा घातली गेली होती, १९३० च्या दशकात, आणि ती आयर्न गार्ड या फॅसिस्ट संघटनेच्या हत्याकांडांपर्यंत गेली. मग हरित परंपरावाद वाढला नाही हे बरेच झाले नाही का? उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावे लागते. इकॉलॉजिस्ट पक्ष हंगेरियन अल्पसंख्याकांच्या संघटनेबरोबर एकाच आघाडीत बसला होता, आणि नव्वदच्या दशकात ट्रान्सिल्वेनियात हंगेरियनविरोधी राजकारण तेजीत असताना ही साधी गोष्ट नव्हती. त्याच्या परंपरावादात तो विखार नव्हता. उलट, जागा रिकामी राहिली म्हणून तिथे कोण आले ते २४ नोव्हेंबर २०२४ ला कळले. राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कॅलिन जॉर्जेस्कू जवळपास २३ टक्के मते घेऊन पहिले आले. मृदाशास्त्राचे जाणकार, घातक कचऱ्याच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांचे माजी विशेष प्रतिवेदक, अन्न, पाणी आणि ऊर्जा हा कार्यक्रम, छोटा शेतकरी आणि ऑर्थोडॉक्स श्रद्धा यांचा जप. आणि त्याबरोबर आयर्न गार्डच्या पुढाऱ्यांचे कौतुक. ६ डिसेंबरला घटना न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली. मे २०२५ मध्ये ती पुन्हा झाली आणि ५३ टक्क्यांहून अधिक मतांनी निकुशोर दान जिंकले. या गणितज्ञाने नाव कमावले ते ‘बुखारेस्ट वाचवा’ या संस्थेतून, राजधानीतली उद्याने आणि जुनी घरे गिळणाऱ्या बांधकामांविरुद्ध वर्षानुवर्षे खटले लढवून. २०१७ मध्ये कुटुंबाच्या व्याख्येवरच्या सार्वमताचा प्रश्न आला, पक्षाने त्यात बाजू घेऊ नये असे त्यांचे म्हणणे होते, ते मानले गेले नाही, तेव्हा स्वतःच उभा केलेला पक्ष त्यांनी सोडला. झाडांसाठी आणि जुन्या भिंतींसाठी लढणारा, परंपरावाद्यांना जागा ठेवा म्हणणारा हा माणूस राष्ट्राध्यक्षपदासाठी अपक्ष म्हणून उभा होता.